भोईटे साहेबांची फॅमिली पोस्टिंग

भोईटे साहेबांना शेवटपर्यंत कुणी शिक्षा केली नाही. त्यांनी ती मागितली, लेखी मागितली, तीनदा मागितली. ज्यांच्या हातात होतं ते सगळे त्यांच्याशी फार चांगले वागले, आणि त्या चांगुलपणानेच हा माणूस संपला असं मला वाटतं. मी काही त्यांची नातेवाईक नाही. पाच-सहा वर्षं त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहिले, एवढंच.

बँकेने मला नाशिकहून लखनौला पाठवलं तेव्हा एका सहकाऱ्याने तेलीबागेत, रायबरेली रोडपासून जरा आत, एक जागा दाखवली. "नीचे आपके ही तरफ़ के लोग हैं मॅडम, फ़ौजी फॅमिली," तो म्हणाला. खाली सुनंदावहिनी आणि त्यांची सात वर्षांची मुलगी ऋतुजा अशा दोघीच राहत होत्या. वहिनी खटाव तालुक्यातल्या. दारात माझी बॅग बघूनच म्हणाल्या, "नाशिकच्या काय? आज खालीच जेवा. गॅस लागेपर्यंत खालीच जेवायचं." ऋतूला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची हिंदीत. माझ्याकडे निरखून बघत तिने विचारलं, "आंटी, आपके घर में कोई फ़ौज में नहीं है? तो फिर आप अकेली क्यूँ हो?"

तिच्या हिशेबी माणूस एकटं राहायचं ते फौजेमुळेच. तिचे वडील सैन्यात क्लार्क होते आणि तेव्हा सीमेवरच्या अशा ठिकाणी होते जिथे कुटुंब नेता येत नाही. त्याआधीही तशाच ठिकाणी. सात वर्षांत तिने वडिलांना सलग दोन महिन्यांपेक्षा जास्त पाहिलं नव्हतं.

ते सुटीवर आले तेव्हा पहिल्यांदा भेटले. दार वाजलं म्हणून उघडलं, तर बुटका, कान पुढे आलेला, घरातसुद्धा इस्त्रीची पँट घातलेला माणूस हात जोडून उभा. खिशाला तीन पेनं. "मॅडम, मी भोईटे. तुमचा भाडेकरार जरा बघू का?"

मी घाबरले. वाटलं काही भानगड झाली. ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, उठले, बेसिनवर हात धुऊन पुसून परत बसले, खिशातून सहा इंची पट्टी काढली आणि ती प्रत्येक ओळीखाली धरत पाऊण तास करार वाचला. सात चुका निघाल्या. एका ठिकाणी घरमालकाच्या वडलांच्या नावाची जागा कोरी होती. ती बघून त्यांचा चेहरा असा झाला, जणू माझ्या घरात गॅसचा वास येतोय.

"मोकळी जागा सोडायची नाही, मॅडम. मोकळ्या जागेत कुणीही काहीही लिहितं."

हे वाक्य मी नंतर त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. लग्नपत्रिका आली की लाल पेनाने शुद्धलेखन तपासायचे. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण ती तपासलेली पत्रिका लग्नात आहेराच्या पाकिटाबरोबर वधूपित्याला द्यायचे. तेही मनापासून, त्याचं पुढच्या मुलीच्या वेळी बरं व्हावं म्हणून. वहिनी पत्रिका तांदळाच्या डब्यात लपवायच्या.

पुढे वर्षभराने त्यांना बढती मिळाली, नायब सुभेदार झाले आणि लखनौच्या छावणीतल्या एका कार्यालयात आले. लोक त्यांना 'साहेब' म्हणायला लागले. काम त्यांना हवं तसं मिळालं. परदेशी ड्यूटीवर जाणाऱ्या जवानांचे आणि त्यांच्या कुटुंबांचे कागद तयार करायचे. परदेशातल्या बहुतेक ड्यूट्या एकट्याने करायच्या असतात. पण काही ठिकाणी, जिथे आपले लोक दुसऱ्या देशाच्या सैन्याला शिकवायला जातात, तिथे दोन-तीन वर्षं बायको-मुलांना नेता येतं. तिला सगळे 'फॅमिली पोस्टिंग' म्हणायचे. त्यासाठी प्रत्येकाचा पासपोर्ट, जन्मतारखा, लसी, लग्नाचा दाखला, वैद्यकीय तपासणी, सगळं जुळावं लागतं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर जवान ठरल्या तारखेला जातो आणि कुटुंब मागे राहतं.

"फॅमिली राहिली," असं ते एखाद्याच्या बाबतीत म्हणायचे तेव्हा ऐकणाऱ्याला वाटावं घरात कुणी गेलं.

एकदा बलियाकडच्या एका शिपायाच्या बायकोचं असंच अडलं. लग्नाच्या दाखल्यावर प्रियांका, नवऱ्याच्या सर्व्हिस रेकॉर्डला पिंकी. नवरा महिन्याभरात भूतानला निघणार होता. भोईटे साहेबांनी दोन रविवार घातले. रात्रीच्या बसने गावी जाऊन सरपंचाची, मास्तरांची सही घेऊन आले, प्रतिज्ञापत्र करून घेतलं. मग त्या पोरीला आपल्या व्हरांड्यात बसवून तिच्याकडून 'प्रियांका' अशी सही पन्नास वेळा गिरवून घेतली. ती शेवटी रडकुंडीला आली. "बाबूजी, पिंकी ही रहने दीजिए ना."

"नहीं बेटा. पिंकी यहीं रह जाएगी. प्रियांका जाएगी."

ती गेली. तिकडून फोटो आला, बर्फाच्या डोंगरापुढे नवरा-बायको आणि मधे टोपरं घातलेलं बाळ. साहेबांची एकच फी असायची, तिथे पोचल्यावर सगळ्यांचा एकत्र फोटो पाठवायचा. ते फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले होते. शर्ट काढायला दार उघडलं की वीसएक कुटुंबं हसत समोर. ऋतू त्यांना 'पापा की फॅमिलियाँ' म्हणायची. त्यांत त्यांची स्वतःची नव्हती.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. साहेब सीमेवर होते त्या हिवाळ्यात, एका सकाळी, वहिनींची हाक ऐकून मी खाली धावले. ऋतू शाळेच्या गणवेशात जमिनीवर पडली होती, दातखीळ बसलेली, हातपाय झटके देत होते. दोन-तीन मिनिटांत थांबलं. मला तो अर्धा तास वाटला. आम्ही तिला ऑटोत घातलं. ऑटोवाला छावणीतल्या मिलिटरी हॉस्पिटलकडे वळवायला लागला, जवळ तेच, तिला हक्काचंही तेच. वहिनींनी त्याचा खांदा धरला. "भैया, महानगर चलो. कपूरथला चौराहे के पास."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "तिथं नेलं की रेकॉर्डला चढतं, ताई. पोरीची जात आहे. फेफरं येतं असं एकदा कागदावर आलं की जन्मभर पुसत नाही."

महानगर नावाच्या त्या वस्तीतले खाजगी डॉक्टर म्हातारे आणि शांत होते. त्यांनी तपासण्या केल्या, सकाळ-संध्याकाळची गोळी सुरू केली आणि बजावलं, "दवा एक दिन भी नहीं छूटनी चाहिए. अपने मन से कम भी मत कीजिएगा." मधे दोनदा फिट आली, मग गोळी वाढवली, मग थांबलं. वहिनींनी नवऱ्याला फोनवर तीन महिने काही सांगितलं नाही. सांगून तो माणूस तिकडून करणार काय होता? ते लखनौला आले तेव्हा समोर बसवून सांगितलं. ते म्हणे उठून हात धुऊन आले आणि औषधाच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या.

ऋतू अकरा वर्षांची झाली. दीड वर्षात एकही फिट नव्हती. आणि त्या वेळी साहेबांचं नाव आलं. आफ्रिकेतला एक देश, अडीच वर्षं, फॅमिली पोस्टिंग. त्यांनी ऑर्डर घरी आणून देवापुढे ठेवली नाही, टेबलावर ठेवली आणि आम्हा तिघींना ओळीने वाचायला लावली. 'विथ फॅमिली' या शब्दांखाली त्यांनी पट्टी धरली होती. मी त्या माणसाला पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं.

ऋतू माझ्याकडे वर धावत आली. "आंटी, मैं जा रही हूँ! पापा रोज़ घर आएँगे वहाँ! रोज़!" देश कुठला, तिथे काय आहे, यातलं तिने काही सांगितलं नाही. पापा रोज घरी येणार, हीच तिची परदेशाची बातमी होती.

कुटुंबाच्या वैद्यकीय फॉर्ममध्ये एक रकाना असतो. पूर्वी कोणता आजार झाला आहे का, सध्या औषध चालू आहे का. खरं लिहिलं तर काय होणार हे साहेबांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिथे मेंदूविकाराचा डॉक्टर नाही, म्हणून मुलगी 'अनफिट'. तिला ठेवून वहिनी जाणार नाहीत. मग फॅमिली राहिली.

एका रविवारी सकाळी ते वर आले. हातात काही नव्हतं. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही बँकेत आहात. रोज शंभर फॉर्म बघता. एखाद्याने एका रकान्यात… म्हणजे चुकीचं नाही, पण पुरतं खरं नाही… असं लिहिलं, तर तुम्ही त्या माणसाला काय म्हणाल?"

मला लगेच कळलं. मी चहा गाळत होते. पाठमोरीच म्हणाले, "साहेब, तुम्ही आयुष्यभर लोकांसाठी केलंत. दीड वर्ष झालं तिला काही नाही. लिहा 'निरंक' आणि जा सुखाने. कुणाचं काय बिघडणार आहे?"

ते चहा न घेता गेले. मला आपण एका सज्जन माणसाला थोडा धीर दिला असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

तपासणीत काही निघालं नाही. निघण्यासारखं रेकॉर्ड कुठेच नव्हतं. मार्चमध्ये ते तिघं गेले. टॅक्सीत बसताना ऋतूने माझ्या गळ्यात हात टाकले आणि वहिनींनी हळूच सांगितलं, "सहा महिन्यांच्या गोळ्या मेतकुटाच्या बरणीत घातल्यात. पुढच्या तुम्ही पाठवाल ना, ताई? कुणीतरी जाणारं असतंच." मी हो म्हणाले. साहेबांनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून सामानाच्या दोऱ्या परत आवळल्या.

ते सात महिने चांगले गेले. हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण नंतर त्या महिन्यांबद्दल कुणी बोललंच नाही. ऋतूचे आवाजाचे निरोप यायचे. तिकडची माती लाल आहे, पापा सकाळी डबा भरून देतात आणि भाजी जळते, शेजारच्या मुली तिच्या वेण्या घालतात आणि त्या आठ दिवस सुटत नाहीत, ती सायकल शिकली. एकदा नुसता दाराचा आवाज पाठवला होता. दार उघडलं, बूट काढल्याचा आवाज, आणि मग तिची कुजबुज, "सुना आंटी? पापा आ गए." फोटोही आला. भोईटे साहेब फोटोतसुद्धा सावधानमध्ये उभे होते, पण ऋतूने त्यांचा कान ओढलेला होता.

पहिल्यांदा मी पाठवलेल्या महिनाभराच्या गोळ्या वेळेवर पोचल्या. दुसऱ्या वेळी महानगरातून तीन महिन्यांच्या घेऊन एका हवालदाराच्या बायकोकडे दिल्या. ती सोमवारी निघणार होती. तिचा व्हिसा अडला. आधी आठवडा, मग तीन आठवडे. मी वहिनींना कळवलं. त्या म्हणाल्या, "बघते, पुरवते." त्यांचा आवाज मला नेहमीसारखाच वाटला. किंवा मी तसा वाटून घेतला.

पुढचं मला वहिनींनी सांगितलं, परत आल्यावर, गच्चीवरच्या उन्हात बसून. एकदाच सांगितलं, आणि सांगताना समोरच्या वाळवणाकडे बघत होत्या.

गोळ्या संपत आल्या तेव्हा दोघांनी बसून हिशोब केला. दोनऐवजी एक दिली तर पुरतील. मग एकीची अर्धी. टीमबरोबर सैन्याचे डॉक्टर होते, एक तरुण कॅप्टन, दोन घरं सोडून राहायचे. त्यांना विचारणं म्हणजे पहिल्यापासून सगळं सांगणं. सांगितलं की लगेच परत पाठवणार. वहिनी म्हणाल्या, "मी म्हटलं विचारा. तर म्हणाले, आठ दिवसांत पार्सल येतंय. पोरगी पाठीमागून ऐकत होती. ती म्हणाली, मम्मी, मुझे कुछ नहीं होगा, वापस मत भेजो. मग मीबी गप बसले."

गोळी कमी केल्यापासून अकराव्या दिवशी ऋतूला बारीक ताप आला. दुपारी फिट आली. ती थांबते न थांबते तोच दुसरी. उचलून दवाखान्यात नेली. त्या भागात ताप आणि झटके म्हटलं की डॉक्टरांच्या मनात आधी मेंदूचा मलेरिया येतो. कॅप्टनने त्याचेच उपचार सुरू केले, झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं, आणि विचारलं, "साहब, पहले कभी ऐसा हुआ है?"

"हे उभे होते," वहिनी म्हणाल्या. "ह्यांच्याकडे बघून विचारलं डॉक्टरांनी. ह्यांचं तोंड उघडलं, पण आवाजच नाही. डॉक्टर परत आत गेले. मला वाटलं ह्यांनी मान हलवून सांगितलं असंल. मी पोरीचे पाय चोळत होते. तासाभराने डॉक्टर परत आले, घामाघूम झालेले, म्हणाले, समझ में नहीं आ रहा. तेव्हा मला कळलं की सांगितलंच नाही. मग मी बोलले."

डॉक्टर काही रागावले नाहीत. धावत कपाटाकडे गेले. तीच गोळी, त्याच कंपनीची, दवाखान्याच्या कपाटात भरलेली होती. तेच औषध इंजेक्शनातही होतं. मोठ्या शहराकडे न्यायला विमान मागवलं, ते पहाटे येणार होतं. ऋतू त्याआधी गेली.

नंतर डॉक्टर वहिनींना म्हणाले की तासभर आधी कळलं असतं तरी ती वाचली असती असं खात्रीने सांगता येत नाही. त्यांनी ते समाधान म्हणून सांगितलं असेल. पण वाचली असती असं नाही आणि नसती वाचली असंही नाही, यात माणसाने पाय कुठे टेकायचा?

ते दोघं अस्थी घेऊन परत आले तेव्हा डिसेंबर होता. मी दारात उभी होते. वहिनींनी मला धरलं आणि एक आवाज केला, तो मला अजून ऐकू येतो. साहेब टॅक्सीवाल्याला पत्ता बरोबर शोधल्याबद्दल धन्यवाद देत होते. दोनदा दिले.

आठ दिवसांनी त्यांनी निवेदन लिहिलं. तीन पानं, इंग्रजीत, सुंदर अक्षर. मी जाणूनबुजून खोटी माहिती दिली, औषध कमी केलं, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गप्प राहिलो, माझ्यावर नियमाप्रमाणे कारवाई व्हावी. ते स्वतः घेऊन वरिष्ठांकडे गेले. ते कर्नल वाचताना रडले म्हणे. कागद ड्रॉवरमध्ये ठेवून म्हणाले, "साहब, घर जाइए। भगवान ने जो सज़ा दे दी, उसके आगे मैं क्या दूँगा?"

साहेब उभेच. "सर, इसकी रसीद?"

पावती मिळाली नाही. त्यांनी दुसरी प्रत पोस्टाने रजिस्टर्ड पाठवली. तिचं उत्तर आलं ते समुपदेशकाकडे जाण्याचं. तिसरी आणखी वर पाठवली. तिचं काहीच आलं नाही. दरम्यान त्यांची निवृत्ती आली. समारंभ झाला, हार घातला, उत्कृष्ट सेवेचं प्रशस्तिपत्र दिलं. ते त्यांनी घरी आणून टेबलावर उलटं ठेवलं. एवढ्या वर्षांत हा एकच कागद त्यांनी वाचला नाही.

वहिनींनी त्यांना कधी दोष दिला नाही. निदान माझ्यासमोर नाही. पण एकदा मी खाली असताना ते म्हणाले, "सुनंदा, तू तरी काहीतरी बोल." वहिनी कणीक मळत होत्या. म्हणाल्या, "काय बोलू? रेकॉर्डला चढू नये म्हणून पहिल्यांदा ऑटो मीच वळवला होता." आणि कणीक मळत राहिल्या. दोघांनाही दोष हवा होता, आणि दोघंही तो एकमेकांच्या हातातून काढून घेत होते. असं घर किती दिवस चालणार? उन्हाळ्यात वहिनींचा भाऊ आला आणि त्यांना खटावला घेऊन गेला. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेल्या. साहेब गेले नाहीत. म्हणाले, "तिसऱ्या पत्राचं उत्तर ह्या पत्त्यावर येणार आहे."

त्यांच्याकडे कागद घेऊन येणं लोकांनी लगेच बंद केलं नाही. जवान यायचे, बायका यायच्या. व्हरांड्यात टेबल तसंच होतं. पण ते आता बायकांना मुलांच्या आजारांबद्दल असं विचारायचे की ऐकवत नसे. "सोच के बोलिए। कभी गिरा है? आँखें ऊपर गई हैं? क़सम खाइए।" एक कोवळी बाई, कडेवर तान्हं मूल, हमसून रडायला लागली आणि नवरा तिला घेऊन उठून गेला. त्यांचे कागद टेबलावरच राहिले. साहेब ते घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत त्यांच्या मागे धावले, चपला न घालता. त्यानंतर फारसं कुणी आलं नाही. कपाटाचं दार मी एकदा उघडं पाहिलं. आतून कोरं होतं. फोटोंच्या जागी सेलोटेपचे पिवळे चौकोन.

माझी परत नाशिकला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी खाली गेले आणि इतके दिवस छातीवर असलेलं बोलून टाकलं. "साहेब, त्या रविवारी मी तुम्हाला 'निरंक' लिहा म्हणाले होते. मी नको म्हणाले असते तर…"

त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. हे ते कधीच करत नसत. "मॅडम, तुमच्याकडे आलो तेव्हा फॉर्म भरून शनिवारीच दिलेला होता. मी नुसता ऐकायला आलो होतो."

हे खरं होतं का? की मला सोडवण्यासाठी त्यांनी आयुष्यातलं दुसरं खोटं सांगितलं? मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. तिथे काही वाचता येईना. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट असं वाटलं, की त्यांनी माझ्या वाटचं होतं तेवढंही उचलून स्वतःकडे घेतलं आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नको नको म्हणताना ते चारबाग स्टेशनपर्यंत आले. सकाळची गाडी उशिरा सुटणार होती. कुलीला बाजूला सारून बॅग स्वतः उचलली, माझी जागा शोधून सामान लावलं, आरक्षणाच्या यादीवरचं माझं नाव बोट फिरवून वाचलं. खूप वाळले होते, शर्टाची कॉलर गळ्याभोवती मोकळी झाली होती. मी म्हटलं, "खटावला जा साहेब. वहिनी वाट बघतात." त्यांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते मला कळलं नाही.

फलाटावर माझ्या खिडकीसमोरच एक फौजी कुटुंब दुसऱ्या गाडीची वाट बघत होतं. काळी ट्रंक, होल्डॉल, वर नाव आणि नंबर रंगवलेला. ट्रंकेवर चार-पाच वर्षांची मुलगी झोपली होती, एक हात खाली लोंबत होता. आई कुठे दिसत नव्हती. बापाच्या हातात रिकामी बाटली होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि भोईटे साहेबांना हाक मारली. केसांच्या कापावरून की उभं राहण्यावरून, त्याला माणूस आपल्यातला वाटला असेल.

"अंकल, दो मिनट बच्ची को देखेंगे? पानी ले आऊँ।"

साहेब नुसते ट्रंकेशी जाऊन उभे राहिले. ताठ. हात बाजूला.

तेवढ्यात माझी गाडी हलली. मी खिडकीतून हाक मारली, हात केला. त्यांनी वळून पाहिलं नाही. गाडी फलाट सोडेपर्यंत मी बघत होते. तो बाप अजून परतला नव्हता, आणि भोईटे साहेब त्या झोपलेल्या मुलीच्या तोंडाकडे पापणी न हलवता बघत उभे होते.